कॅज्युअल्टी ते वॉर्ड: रुग्णाआधी त्याची माहिती कशी पोहोचू शकते?

समजा, रात्री दोन वाजता किनवटहून नांदेडला किंवा निलंग्याहून लातूरला रुग्ण आणला. कॅज्युअल्टीत इंजेक्शन दिलं, रक्त तपासणीला गेलं, स्ट्रेचर वॉर्डकडे निघालं. वॉर्डातल्या सिस्टर विचारतात, "खाली काय काय दिलंय?" उत्तर नातेवाइकाच्या हातातल्या केस पेपरवर असतं. तो कागद काउंटरवरच राहिला तर?

अडचण नेमकी कुठे?

कॅज्युअल्टीतून वॉर्डात जाताना डॉक्टर आणि सिस्टर बदलतात. रुग्णाची जबाबदारी अशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्याला 'हँडओव्हर' म्हणतात. यात माहिती गळली, तर तेच औषध दोनदा दिलं जाऊ शकतं, ॲलर्जीची नोंद हुकू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले. हँडओव्हरमधला संवाद त्यापैकीच एक.

सॉफ्टवेअर काय करतं?

अशा प्रणालीला एचएमआयएस म्हणतात. एनआयसीची 'ई-हॉस्पिटल' आणि सी-डॅकची 'ई-सुश्रुत' ही सरकारी उदाहरणं. नीट वापरली, तर अशा प्रणालीमुळे:

- रुग्णाच्या सगळ्या नोंदी एकाच नंबरवर येतात.
- कोणत्या वॉर्डात खाट रिकामी आहे, हे कॅज्युअल्टीत दिसतं.
- दिलेली औषधं आणि त्यांची वेळ वॉर्डाला आधीच कळते. ऑक्सिजनची तयारी करता येते.
- लॅबचा रिपोर्ट थेट वॉर्डातल्या स्क्रीनवर येतो.

महाराष्ट्राचा अनुभव काय?

राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अशी प्रणाली अनेक वर्षं होती. जुलै २०२२ मध्ये ती बंद पडली आणि डॉक्टरांना पुन्हा हाताने केस पेपर लिहावे लागले. धडा सरळ आहे: प्रणाली कुणीही चालवो, रुग्णांची माहिती रुग्णालयाच्या ताब्यात हवी आणि कागदाची पर्यायी सोयही हवी.

फक्त सॉफ्टवेअर पुरेसं आहे?

नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चा झाली ती अपुरं मनुष्यबळ, औषधं आणि खाटांपेक्षा जास्त रुग्णांची. स्क्रीन नवी खाट किंवा नवी सिस्टर आणू शकत नाही. उलट, एकाच सिस्टरला रजिस्टरही लिहायचं आणि संगणकही भरायचा असेल, तर काम दुप्पट होतं.

म्हणून फोनवरचा संवाद सुटत नाही. त्यासाठी जगभर 'एसबार' ही पद्धत वापरतात. त्यात चार गोष्टी सांगायच्या: आत्ता काय झालंय, आधीचा आजार काय, अवस्था कशी आहे आणि पुढे काय करायला हवं.

तुम्ही काय करू शकता?

- रेफर चिठ्ठी आणि केस पेपरचा फोटो काढून ठेवा.
- चालू औषधं आणि ॲलर्जी मोबाइलमध्ये लिहून ठेवा.
- १४ अंकी 'आभा' नंबर काढून ठेवा. या योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या नोंदी तुमच्या संमतीने त्यावर पाहता येतात.
- वॉर्डात पोहोचताच विचारा: "खाली दिलेल्या औषधांची नोंद तुमच्याकडे आली का?"

हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. सॉफ्टवेअर असो वा नसो, तो उपयोगी पडतोच.