पेट्रोलची घ्यावी की डिझेलची?

शहरात वापरायला लहानशी मोटार घ्यायची म्हटली, की शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडायचे. 'डिझेलला ॲव्हरेज जास्त, शिवाय डिझेल स्वस्त,' असे एक म्हणणार. 'पण गाडी महाग, आवाज फार आणि देखभालीचा खर्च वेगळा,' असे दुसरा. हा वाद आपल्याकडे रंगला तो साधारण बावीस वर्षे. १९९८ पूर्वी सामान्य ग्राहकाला तो घालावाच लागत नव्हता, कारण लहान मोटार म्हणजे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, आणि तिला इंजिन एकच, पेट्रोलचे. २०२० नंतर लहान मोटारींपुरता तो जवळजवळ मिटला. मधल्या काळात दोन्ही इंजिनांमागचे विज्ञान काही बदलले नाही, तरी प्रश्नाचे बरोबर उत्तर मात्र बदलत गेले. ते कसे, हे पाहू या.

दोन्ही अंतर्ज्वलन इंजिनेच. फरक इंधन पेटवण्याच्या रीतीत आहे. पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्याच्या साहाय्याने मूळ आकारमानाच्या सुमारे एक दशांशापर्यंत दाबतात आणि विजेच्या ठिणगीने पेटवतात. त्याहून फार दाबले तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहता भलत्याच वेळी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. तिथे आधी नुसती हवा दाबतात, तीही सोळा ते बावीस पट. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे वर्गातल्या बहुतेक मुलांना ठाऊक असते. तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडते. हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो.

जास्त दाबल्याचा फायदा म्हणजे इंधनातल्या ऊर्जेचा जास्त वाटा कामी येतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांच्या इंजिनाची कार्यक्षमता मोजली गेली, ती २६.२ टक्के भरली. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनांनाही हे साधत नव्हते. पण प्रचंड दाब सोसायचा तर भिंती जाड हव्यात, म्हणजे इंजिन जड आणि महाग. म्हणून डिझेलचा प्रवास आधी कारखाने, जहाजे आणि मालमोटारी असा झाला. जर्मनीत मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार १९३६ मध्ये आली, तीही बोजड. लहान मोटारीत डिझेल चांगले बसते हे पटवून दिले ते १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फने. तिचे इंजिन दीड लिटरचे आणि शक्ती ५० अश्वशक्ती.

इथे 'ॲव्हरेज'विषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती सहसा निसटते. आपण इंधन लिटरवर विकत घेतो, पण गाडी चालते ऊर्जेवर. डिझेल पेट्रोलपेक्षा घट्ट असते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, तर एक लिटर डिझेलचे सुमारे ८३० ग्रॅम. त्यामुळे एका लिटर डिझेलमध्ये दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, आणि ते जळल्यावर कार्बन डायऑक्साइडही जास्त निघतो, सुमारे २.६५ किलो. पेट्रोलचा आकडा सुमारे २.३ किलो. समजा एकसारख्या दोन लहान मोटारी आहेत. शहरात पेट्रोलची लिटरला १५ किलोमीटर जाते आणि डिझेलची १९. लिटरवर पाहिले तर डिझेल २७ टक्क्यांनी सरस. पण कार्बन डायऑक्साइड मोजला तर पेट्रोलची मोटार किलोमीटरला १५३ ग्रॅम सोडते आणि डिझेलची १३९ ग्रॅम, म्हणजे फरक जेमतेम नऊ टक्के. इंजिनाचे श्रेय केवढे आणि लिटर या मापाचे केवढे, हे नववीच्या वर्गाला सोडवायला देण्यासारखे उदाहरण आहे.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. आपल्याकडे डिझेल स्वस्त होते ते सरकारने ठेवले म्हणून. एस. टी., मालमोटारी, शेतीपंप आणि ट्रॅक्टर डिझेलवर चालत, आणि त्याचा भाव वाढला की धान्य-भाजीचा भाव वाढतो, हे कारण खरेच होते. मोटारी डिझेलवर धावतील असे ते धोरण आखताना कोणाच्या फारसे ध्यानात नसावे. पण पंपावरची नळी ट्रॅक्टर आणि मोटार यांत भेद करत नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे आधी ओळखले. १९९० च्या दशकात जुन्या प्रीमियर पद्मिनीतले पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवून घेण्याचा सपाटाच सुरू होता.

खासगी ग्राहकाला ही सोय १९९८ मध्ये मिळाली. मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये प्यूजोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन बसवले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात बनलेली टाटा इंडिका बाजारात आली. झेनचा आकार, अँबॅसडरची आतली जागा, मारुती ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा चालवण्याचा खर्च, असा तिचा संकल्प सांगितला जाई. तिचे १.४ लिटरचे इंजिन जुन्या धाटणीचे होते. डिझेलचा फवारा आधी एका लहान पूर्वकक्षात सोडायचा, तिथे ज्वलन सुरू करायचे आणि मग ती ज्योत मुख्य नळकांड्यात जाऊ द्यायची. इंजिन आवाजी होते, पण दणकट, आणि टॅक्सीवाल्यांनी ते डोक्यावर घेतले.

सरकारच्या करांचा मोटारीच्या अंगावर कसा ठसा उमटतो, याचा एक गमतीदार नमुना २००६ च्या अर्थसंकल्पात सापडतो. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० पर्यंत, अशा मोटारीला 'लहान' ठरवून तिचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. मग मागची डिकी आखडून चार मीटरच्या आत बसवलेल्या गाड्या आल्या. २००८ ची इंडिगो सीएस आणि २०१२ ची नवी डिझायर या त्यांतल्याच. त्या मागून जरा तोडल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण हे. आणि पहा, डिझेलला मर्यादा ३०० घनसेंटिमीटरने सैल दिली होती.

या चौकटीत एक इंजिन नेमके बसले, ते फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट. यात पूर्वकक्ष नाही. सर्व नळकांड्यांना मिळून एक सामाईक नळी, तिच्यात डिझेल वातावरणाच्या सुमारे सोळाशे पट दाबाखाली साठवलेले, आणि संगणकाच्या आज्ञेवर उघडमीट करणाऱ्या झडपा. एकदम सगळा फवारा मारण्याऐवजी एकेका फेरीत तो थोडाथोडा अनेक वेळा सोडतात, म्हणून ज्वलनाचा धडाका मऊ होतो. डिझेलची घरघर कमी झाली आणि चपळपणा आला. जानेवारी २००७ मध्ये ते मारुती स्विफ्टमध्ये आले. पुढे मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्या लहान मोटारींत हेच इंजिन धावू लागले. मारुतीसाठी ते हरियाणातील मानेसरला बनत असे आणि इतरांसाठी पुण्याजवळ रांजणगावला.

जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे भाव मोकळे केले, डिझेलचे धरून ठेवले. दरी रुंदावत गेली. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होते आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. आता मघाच्या दोन मोटारी घेऊ आणि डिझेलची एक लाखाने महाग आहे असे धरू. पेट्रोलचा किलोमीटरला खर्च ४ रुपये ८८ पैसे, डिझेलचा २ रुपये १५ पैसे. बचत पावणेतीन रुपयांची. म्हणजे सुमारे ३६,७०० किलोमीटर झाले की जादा दिलेला लाख वसूल. रोज २० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालवणाऱ्याला सहा वर्षे लागतील, जास्त फिरणाऱ्याला दोन-तीन. २०१२-१३ मध्ये नव्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या, यात नवल नाही. ग्राहक चुकत नव्हता. ट्रॅक्टरसाठी ठेवलेली सवलत त्याच्या टाकीत जात होती, एवढेच.

पण या हिशेबात एक माणूस धरलेलाच नव्हता. चौकातला वाहतूक पोलीस, बस थांब्यावरचे मूल, रस्त्याकडेच्या शाळेत खडूफळ्यापुढे उभे असलेले आपण. धुराचे गणित वेगळे मांडावे लागते.

पेट्रोलच्या मोटारींचा धूर तोवर बराच स्वच्छ झाला होता. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. शिसे या उत्प्रेरकाला निकामी करते, म्हणून त्याबरोबर बिनशिशाचे पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. हा परिवर्तक एकाच वेळी तीन कामे करतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांना तो ऑक्सिजन देतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून ऑक्सिजन काढून घेतो. हे साधण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ असे नेमके राखावे लागते. डिझेल इंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. धुरात ऑक्सिजन शिल्लक असताना नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून ऑक्सिजन हिसकावणे या परिवर्तकाला जमत नाही. शिवाय फवाऱ्याच्या थेंबाच्या आतल्या भागाला हवा पोचत नाही, तिथे काजळी तयार होते. काजळी कमी करायला ज्वलन अधिक तापवावे तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, ती कमी करायला थंड करावे तर काजळी वाढते. आमच्या मते डिझेलची खरी अडचण ही होती, आवाज ही नव्हे.

कायद्याने या अडचणीपुढे बराच काळ मान तुकवली. २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत भारत स्टेज ४ मानके आली. त्यांत पेट्रोल मोटारीला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम होती, तर डिझेलला ०.२५, म्हणजे तिपटीहून जास्त. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात घातला. आपल्याकडे डिझेल मोटारींचा खप तेव्हा ऐन भरात होता.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली डिझेल मोटारींत घातलेली होती. जगभरात अशा मोटारी सुमारे एक कोटी दहा लाख होत्या. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने इथल्या गाड्या तपासल्यावर भारतातल्याही सुमारे सव्वातीन लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. स्वच्छ डिझेल अशक्य होते असे नाही. त्याला लागणारा खर्च आणि खटाटोप टाळायचा होता.

तो खर्च १ एप्रिल २०२० ला टाळता येईनासा झाला. पाचवी पायरी गाळून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले. डिझेल मोटारीला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ०.२५ वरून ०.०८ ग्रॅमवर आली आणि कणांची ०.०२५ वरून ०.००४५ वर. इंधनातले गंधकही दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणले गेले. आता काजळी अडवणारी गाळणी आली, ऑक्साइडे धरून ठेवणारी किंवा युरियाच्या मदतीने मोडणारी यंत्रणा आली. मोठ्या, महाग गाडीत हा खर्च सामावतो, लहानशा गाडीत डोईजड होतो. आणि गाळणीची आणखी एक खोड आहे. तिच्यात साठलेली काजळी मधूनमधून जाळून टाकावी लागते, त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. महामार्गावर ते सहज मिळते. घर, शाळा, मंडई, पुन्हा घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत गाळणी पुरती तापतच नाही आणि तुंबते. शहरी लहान मोटारीचे जे काम, तेच नेमके स्वच्छ डिझेलला मानवत नाही.

दुसरीकडे भावातली दरी बुजली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळे झाले होते. २४ जून २०२० रोजी तर दिल्लीत डिझेल ७९ रुपये ८८ पैसे आणि पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे, असा उलटा प्रकार प्रथमच घडला. जुने गणित या भावांनी पुन्हा मांडू आणि गाळणी वगैरे धरून किमतीतला फरक दीड लाख मानू. किलोमीटरला बचत उरते १ रुपया ११ पैसे. वसुलीला सुमारे १,३५,००० किलोमीटर लागतात. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणाऱ्याला साडेबावीस वर्षे.

मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल सोडत असल्याचे जाहीर केले होते. ते १.३ लिटरचे इंजिनही नव्या मानकांबरोबर थांबले. मुंबई-पुण्यातला लहान मोटारीचा ग्राहक आता सीएनजीची आकडेमोड करतो. गणिताची रीत तीच, जादा किंमत भागिले किलोमीटरमागची बचत. इंधन फक्त लिटरऐवजी किलोवर मोजायचे. काजळीचा प्रश्न तिथे फारसा नाही, कारण मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. पण तो वायू, त्यामुळे वातावरणाच्या दोनशे पट दाबूनही साठ लिटरच्या टाकीत जेमतेम आठ-दहा किलो मावतो, आणि ती टाकी ठेवायची कुठे, तर चार मीटरच्या नियमासाठी आधीच आखडलेल्या डिकीत.