बनगरवाडी परत आली का?

मंडळाच्या पुस्तकपेटीतली 'बनगरवाडी' या हिवाळ्यात अर्दियातल्या सात-आठ घरांतून फिरून आली. परवाच्या शुक्रवारी सारे चहाला जमले, तेव्हा एकाच पुस्तकाची चार पुस्तके झालेली दिसली. वाद असा रंगला की चहा दोनदा टाकावा लागला. त्या वादामागे आपल्या मुलखाचा बराच इतिहास आहे, म्हणून हे टिपण.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातला माणदेश. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, बंद पडलेली शाळा चालू करतो, गावाच्या श्रमातून तालीम उभी करतो. मग पाऊस दडी मारतो, मेंढरे मरू लागतात, आणि वाडी जगायला बाहेर पडते. शेवटी मास्तरही निघतो.

एक वहिनी म्हणाल्या, "सगळे कष्ट मातीत! असे उदास पुस्तक मुलांना कशाला द्यायचे?" आमचे एक स्थापत्य-अभियंता मित्र म्हणाले, "मास्तर चुकला. तालमीऐवजी तळे खोदायचे होते." मुलाकडे राहायला आलेल्या सांगोल्याकडच्या एक आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "गाव मोडलं कुठं? मेंढरं घेऊन गेलं म्हणून तर जगलं. बसून राहिलं असतं, तर मोडलं असतं." आणि इथेच जन्मलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने विचारले, "मग ते परत आले का?"

पुस्तकात याचे उत्तर नाही. आमच्यापैकीही कोणी ते दिले नाही.

आधी तालमीविषयी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यामुळे त्या मुलखातल्या मास्तराला तालीम सुचावी हे साहजिक होते. शिवाय माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. आभाळच कोरडे राहिले तर तळे तरी कशाने भरणार?

आजींचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली. त्या अनुभवातून दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८३ साली दुष्काळ-संहिता तयार झाली. १९७२ चा दुष्काळ आजींनी स्वतः काढला. खडी फोडली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकऱ्या खाल्ल्या, पोरांना सुकडी खाऊ घातली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क त्या खडीच्या ढिगाऱ्यांतून आला.

पण सगळेच खडी फोडत राहिले नाहीत. आटपाडी-विट्याकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात पडली आणि भारतभर पसरली. आम्ही रसायनाचे विद्यार्थी, म्हणून या धंद्याचे विशेष कौतुक. अशुद्ध सोन्यात चांदी मिसळून वितळवायचे आणि नायट्रिक आम्लात उकळायचे. चांदी विरघळते, सोने तळाशी राहते. विरघळलेली चांदी डोळ्यांना दिसत नाही, पण त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की ती पुन्हा हाती येते. कोरड्या शिवारातले पोरगे मुलूख सोडून हे काम शिकले आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावाकडची चूल पेटती राहिली.

आता आपण राहतो त्या मातीकडे पाहू. कुवेतमध्ये वर्षाला सरासरी सुमारे ११० मिलीमीटर पाऊस पडतो. एकेकाळी गोडे पाणी शत्त-अल-अरबमधून गलबतांनी यायचे. १९५३ पासून समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करून शहराला मिळू लागले. इथली आपत्ती मात्र उलटी झाली. १९३४ च्या डिसेंबरात एवढा पाऊस कोसळला की मातीची घरे ढासळली. जुनी माणसे त्या सालाला 'हदामा', म्हणजे पडझडीचे साल, म्हणतात.

सांगायचे ते हे, की वहिनींची उदासी खोटी नाही. ओस पडलेली शाळा पाहून कोणाचे मन हलणार नाही? पण आजी त्याच रस्त्याने गेलेल्या, म्हणून त्यांना तिथे शेवट दिसला नाही. आणि मुलाचा प्रश्न खरे तर बनगरवाडीपुरता नव्हताच. तो आपल्या आईबापांना विचारत होता.

त्याला आमचे उत्तर असे. १९९० च्या आक्रमणानंतर कुवेत-इराकमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय मायदेशी गेले; त्यांतले कितीतरी पुन्हा इथे आले. माणदेशात १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समन्यायी पाणीवाटपाचा लढा दिला. १९९६ साली टेंभू उपसा योजनेचे काम सुरू झाले आणि कराडजवळ उचललेले कृष्णेचे पाणी कालांतराने आटपाडीपर्यंत पोचले. तेव्हा बाळा, काही परत आले, काही नाही आले. पण जे मागे राहिले त्यांनी पाण्यासाठी भांडण सोडले नाही, आणि जे गेले त्यांनी घर विसरले नाही. आपण कोणते, हे घरी आईबाबांना विचार. उत्तर सोपे नसेल, पण विचार.

पुस्तक पेटीत परत आले आहे. ज्यांचे वाचायचे राहिले त्यांनी अवश्य न्यावे. आणि आजींचा व्हिसा संपण्यापूर्वी १९७२ च्या त्यांच्या आठवणी कोणीतरी बसून लिहून घ्याव्यात, ही विनंती.