टोल्युईनमध्ये वाढणारा जिवाणू

टोल्युईन हे सेंद्रिय द्रावक प्रयोगशाळांत दीर्घकाळ जंतुरोधक म्हणून वापरले गेले. लघवीच्या साठवलेल्या नमुन्यात त्याचे थोडे थेंब घातले की सूक्ष्मजीवांची वाढ थांबे, आणि त्यामुळे अशा द्रवात जीव तग धरणार नाही, ही समजूत रूढ झाली होती. १९८९ मध्ये अकिरा इनौए आणि कोकी होरिकोशी यांनी 'नेचर' या नियतकालिकात तिला तडा देणारा जिवाणू मांडला. क्युशू बेटावरील मातीतून मिळालेला 'स्यूडोमोनास पुटिडा'चा हा वाण, आयएच-२०००, निम्मे टोल्युईन असलेल्या माध्यमातही वाढत होता. विशेष म्हणजे टोल्युईन त्याचे अन्न नव्हते. ते पचवता येत नसतानाही तो त्यात जगत होता, आणि म्हणूनच या शोधाने उभा केलेला प्रश्न पचनाचा नव्हे, सहनशीलतेचा होता.

द्रावकाची घातकता 'लॉग पी' या मापाने सांगितली जाते. ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यात पदार्थ कोणत्या प्रमाणात विभागला जातो, त्या गुणोत्तराचा हा लॉगरिदम होय. टोल्युईनसाठी तो तीनच्या खाली आहे. अशी द्रावके पाण्यात पुरेशी विरघळून पेशीभोवतीच्या मेदयुक्त पटलात शिरतात आणि ते सैल करतात, त्यामुळे आयन गळू लागतात व पेशीची ऊर्जानिर्मिती ढासळते.

पहिले स्पष्टीकरण साहजिकच पटलाच्या रचनेत शोधले गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी जर्मन संशोधकांनी दाखवले, की विषारी द्रव्याच्या संपर्कात 'स्यूडोमोनास पुटिडा' पटलातील असंतृप्त मेदाम्लांचे वाकडे 'सिस' रूप बदलून सरळ 'ट्रान्स' रूप करतो; सरळ साखळ्या दाटीने रचल्या जातात आणि पटल पुन्हा घट्ट होते. हा बदल काही मिनिटांत घडतो आणि त्यासाठी नवी मेदाम्ले बनवावी लागत नाहीत. तरीही केवळ घट्ट पटल निम्म्या टोल्युईनपुढे कसे टिकावे, हे उलगडत नव्हते.

निर्णायक पाऊल नेदरलँड्समध्ये पडले. १९९६ मध्ये इस्केन आणि डी बोंट यांनी याच प्रजातीच्या एस-१२ या वाणाला किरणोत्सारी कार्बन असलेले टोल्युईन दिले; पेशीची ऊर्जा रोखताच ते आत अधिक साचू लागले. अर्थात जिवाणू आत शिरलेले विष सतत बाहेर फेकत होता, आणि ही सहनशीलता ऊर्जा खर्चून मिळवलेली होती. दोन वर्षांत विष बाहेर फेकणाऱ्या उत्सर्जन-पंपाची जनुके सापडली. स्पेनमधील ग्रॅनाडात डीओटी-टी१ई या वाणावर झालेल्या कामातून असे तीन पंप पुढे आले, आणि त्यांपैकी टीटीजीएबीसी हा पंप टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल यांसारखी प्रतिजैविकेही बाहेर टाकतो असे दिसले. द्रावकांच्या प्रदूषणावर जिवाणूंचा उपाय सुचवणाऱ्यांनी ही शेवटची बाब गांभीर्याने घेणे आवश्यक आहे, कारण विषाला तोंड देणारा पंप औषधालाही तोंड देऊ शकतो.