एका लहरीचे अनेक वाटेकरी

भ्रमणध्वनीच्या पिढ्या आज शाळकरी मुलेही बोटांवर मोजतात. परंतु ज्या कल्पनेच्या पोटी या साऱ्या पिढ्या जन्मल्या, ती पहिल्या पिढीहूनही तीस-बत्तीस वर्षांनी वडील आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. आज तिच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

१९४६ च्या जूनमध्ये अमेरिकेतील सेंट लुई नगरात मोटारीतून दूरध्वनी करण्याची सोय बेल कंपनीने केली. यंत्राचे वजन ८० पौंड, आणि बोलणे जोडून देण्यास मध्ये ऑपरेटर हवीच. साऱ्या शहराला मिळून उंचावर एकच बलाढ्य प्रक्षेपक होता, आणि खरी अडचण तीच होती. एकाने एखाद्या लहरीवर बोलणे सुरू केले, की ते संपेपर्यंत ती लहर इतर सर्वांना बंद! पुढे तीस वर्षांनी, १९७६ साली, न्यूयॉर्कसारख्या महानगरात बेलच्या या सेवेकडे अवघ्या १२ लहरी होत्या. ग्राहक सुमारे साडेपाचशे, आणि साडेतीन हजारांहून अधिक लोक यादीत नाव घालून वाट पाहात बसलेले.

वास्तविक या अडचणीवरील तोड १९४७ च्या डिसेंबरातच निघाली होती. बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिले. मोठा प्रक्षेपक नकोच, असे त्याचे सार. मधाच्या पोळ्याप्रमाणे शहराची षट्कोनी घरे पाडावी, प्रत्येक घरात मुद्दाम दुबळा प्रक्षेपक ठेवावा, शेजारच्या घरांना निराळ्या लहरी द्याव्या आणि काही घरे ओलांडल्यावर पहिलीच लहर पुन्हा खुशाल वापरावी. रात्रीच्या वेळी मध्यम लहरींवर दोन केंद्रे एकमेकांत मिसळलेली ज्या श्रोत्यांनी ऐकली असतील, त्यांना प्रक्षेपक दुबळा का हवा, हे निराळे सांगावयास नको. गर्दी वाढली, तर घरे आणखी लहान करावी, म्हणजे झाले. इंग्रजीत या घराला ‘सेल’ म्हणतात. ‘सेल्युलर’ हे नाव त्यावरूनच पडले.

मग इतकी वर्षे का लागली? मोटार एका घरातून दुसऱ्यात शिरताना बोलणे तुटू न देता नव्या लहरीवर सोपविण्यास चपळ गणकयंत्रे हवी होती, आणि सरकारकडून पुरेशा लहरीही मिळावयास हव्या होत्या. दोन्ही गोष्टी जुळून येईतो टोकियोत १९७९ चा डिसेंबर उजाडला, तर खुद्द अमेरिकेत, शिकागोला, १९८३ चा ऑक्टोबर.

यापुढच्या पिढ्या म्हणजे, माझ्या मते, एकाच घरातील वाटणीच्या निरनिराळ्या रीती होत. पहिलीत प्रत्येक बोलणाऱ्यास स्वतंत्र लहर लागे. दुसरीत आवाजाचे आकड्यांत रूपांतर झाले, आणि एका लहरीवर आठ जण क्षणाक्षणाने पाळीपाळीने बोलू लागले. फिनलंडमध्ये १९९१ च्या जुलैत तिचा आरंभ झाला. तिसरीत सर्वांनी एकदमच बोलावे, पण प्रत्येकाची सांकेतिक खूण वेगळी. चौथीने रुंद पट्ट्याचे असंख्य बारीक धागे केले, आणि पाचवीत मनोरा आपली लहर ज्याच्या त्याच्या दिशेने रोखू शकतो.

आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीस सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले. त्या काळी दुसऱ्याने आपल्याला फोन केला, तरी आपल्यालाच पैसे पडत! ही रीत २००३ साली गेली, आणि फोन सामान्य माणसाच्या खिशात येण्यास त्याचा हातभार किती लागला, हे त्या वेळच्या ग्राहकांना आठवत असेल.

वाटणीची नवी रीत आली, की जुन्या रीतीस आज ना उद्या लहरी मोकळ्या करून द्याव्या लागतात. अमेरिकेत ‘ए. टी. अँड टी.’ कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत तिसरी पिढी बंद केली, तेव्हा जुने फोन तर निकामी झालेच. पण अपघात होताच आपण होऊन मदत मागणारी जी यंत्रे कित्येक मोटारींत बसविलेली होती, तीही मुकी झाली. मोटारी मात्र रस्त्यावर धावतच होत्या.