एका सेकंदाची अट

२०२० च्या जुलैत पनवेलला योट्टा कंपनीचं एनएम१ डेटा सेंटर सुरू झालं. त्याच वर्षी डिसेंबरात कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीची १.२० ही आवृत्ती आली. पनवेलमध्ये बसून सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यांना दुसरी घटना जास्त जवळची. तोवर कंटेनरच्या आत कमांड चालवून होणाऱ्या त्याच्या तब्येतीच्या तपासणीची वेळमर्यादा कागदावरच होती. तीन सेकंद लागले तरी खपून जाई. १.२० पासून ती खरोखर पाळली जाऊ लागली, आणि जिथे आकडाच लिहिलेला नव्हता तिथे एकच सेकंद मिळू लागला. धडधाकट कंटेनर आजारी ठरून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. टीममधल्या नव्या मुलांना मी आवर्जून सांगतो: अपग्रेडआधी प्रत्येक तपासणीला लागणारा वेळ मोजा, आणि टाइमआउट त्याहून ऐसपैस ठेवा.