चाक, पाटा आणि काळी माती: गाडी उंच करण्याचा इतिहास

#थ्रेड

१/ हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ. या पाचही तालुक्यांत परतीच्या पावसानंतर सोयाबीन शेताबाहेर काढताना एकच प्रश्न उभा राहतो: गाडीचे पोट चिखलाला टेकेल की सुटेल? पिकअप उंच करून घेणे ही आज परदेशी हौस वाटते. या मातीत तो प्रश्न मोटारीहून कितीतरी जुना आहे.

२/ सुरुवात मातीपासून. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही काळी माती बनली. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून येथे रस्त्याचा पायाच वर्षातून दोनदा हलतो. ओली माती चाकाला थरावर थर चिकटते आणि चाकोरी खोल होत जाते.

३/ या अडचणीवरचे सर्वांत जुने उत्तर होते चाकच न वापरणे. धान्य, मीठ, कापूस यांची लांब पल्ल्याची वाहतूक लमाण तांडे बैलांच्या पाठीवरून करीत. सैन्यांनाही रसद तेच पोहोचवीत. बैलाला चाकोरी लागत नाही. मात्र एका बैलाच्या पाठीवर मावते तेवढेच ओझे जाते, हीच त्या पद्धतीची मर्यादा.

४/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनमध्ये गाड्या होत्या, पण ओबडधोबड. काहींची चाके अखंड लाकडाची, तर काहींची चक्क दगडाची होती. अशी गाडी ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत. १८३० च्या दशकात सोलापूर भागात टेंभुर्णी येथे सुधारित, हलक्या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे आऱ्यांच्या चाकाची, लोखंडी धाव चढवलेली गाडी सर्वत्र रुळली.

५/ या गाडीचे चाक माणसाच्या छातीपर्यंत का पोहोचते? कारणे दोन. मोठे चाक खड्ड्याच्या कडेवर कमी जोरात चढते. शिवाय आस नेहमी चाकाच्या निम्म्या उंचीवर असतो. चाक मोठे, तर आस उंच. चाकोरीच्या मधला मातीचा वरंबा मग आसाला लागत नाही. गावच्या सुताराने हे गणित कागदाविना सोडवले होते.

६/ हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती; १९०३ मध्ये ते दल ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाले. १९१२ मध्ये पूर्णा–हिंगोली मीटरगेज लोहमार्ग आला. रुळांनी दूरचा प्रवास सोपा केला. शेतापासून स्टेशनापर्यंतचा चिखल मात्र बैलगाडीच्याच वाट्याला राहिला.

७/ विसाव्या शतकात चिखलावर दुसरे उत्तर आले: उंचीऐवजी रुंदी. हवा भरलेल्या रबरी टायरची बैलगाडी. डनलॉपचा बंगालमधील साहागंजचा कारखाना १९३६ चा. त्या नावावरून अशा गाडीला ‘डनलॉप गाडी’च म्हणू लागले. तिचे चाक लहान, पण रुंद. भार मोठ्या पृष्ठावर पसरल्याने चाक कमी रुतते आणि बैलांचे कष्ट वाचतात.

८/ तिसरे उत्तर युद्धातून आले. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलके, चारही चाकांना जोर देणारे वाहन मागितले. त्यातून विलीज जीप घडली. तिच्या आखूड बांध्यामुळे आणि चारही चाकांच्या जोरामुळे ती रस्ता सोडूनही चालू शके. महायुद्ध संपताच युद्धातून उरलेल्या जीपा भारतातही लिलावात निघाल्या.

९/ १९४५ मध्ये पोलाद व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच काळात आयात केलेल्या सुट्या भागांतून विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू झाली. आज खेड्यापाड्यांत दिसणारी बोलेरो पिकअप त्याच वंशातली.

१०/ मराठवाड्याने जीप आधी पाहिली ती सरकारी. गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात आली की पोरे मागे धावत. पुढे जुन्या जीपा खासगी हातांत गेल्या आणि ‘काळीपिवळी’ जन्मली. एसटी न पोहोचणाऱ्या गावांना तिनेच तालुक्याशी जोडले. तिच्यात माणसे किती बसत, याला मात्र कायद्याचा आधार नव्हता.

११/ इथेच गाडी उंच करण्याची देशी कला सुरू होते. जीपच्या तळाशी पोलादी पट्ट्यांची थप्पी असते: पाटे. भाराने पाटे सपाट होतात, गाडी बसते. मग गॅरेजवाला जादा पाटा टाकतो किंवा जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देतो. गाडी उचलली जाते. पण रिकामी असताना ती दगडासारखी आदळते.

१२/ परदेशात ‘लिफ्ट किट’ म्हणून जे विकले जाते, त्यामागची तत्त्वे हीच. पाट्याच्या टोकाची शॅकल लांब करा: जेवढी वाढवाल त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते. पाटे आसावर असतील, तर मध्ये ठोकळा घाला. जुन्या विलीज रचनेत पाटे आसाखाली बांधलेले. ते आसावर घेतले की गाडी एकदम चार-पाच इंच उठते.

१३/ पण यात एक फसगत आहे. पाटे कितीही उचला, वर जाते ती फक्त चॅसी आणि बॉडी. आस आणि मधला डिफरेन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. वरंब्याला आधी तोच घासतो. त्याला उचलणारी गोष्ट एकच: मोठे चाक. पाटे उचलून फक्त मोठ्या टायरला जागा मिळते. बैलगाडीच्या सुताराचा नियम मोटारीलाही चुकत नाही.

१४/ घरच्या अंगणात हे काम करणाऱ्यांच्या हातून पुढचे दुवे सुटतात. चॅसी वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे सांधे झिजतात. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. स्टीअरिंगचा दांडा तिरपा होतो; मग खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला वळते. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर खऱ्याहून कमी वेग दाखवतो.

१५/ धोका कामाच्या वेळीही असतो. ओल्या काळ्या मातीवर जॅक टेकवला तर भाराने तो खचतो किंवा कलंडतो. म्हणून जॅकखाली जाड फळी, चाकांना दगडाची ओट आणि चॅसीखाली स्वतंत्र भक्कम स्टँड हवेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ.

१६/ आता खरी किंमत. समजा, दोन चाकांतील अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंचीवर आहे. अंतराच्या निम्म्याला या उंचीने भागले की १ येते. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरने चढला की तेच गुणोत्तर ०.८७५. उलटण्याविरुद्धची ताकद आठव्या हिश्शाने घटली. वर हळदीची पोती किंवा मजूर असतील, तर ती आणखी घटते.

१७/ म्हणून कायदा मध्ये येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

१८/ पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न गाडीचा उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात कामावर आलेल्या हातांनी महाराष्ट्रात किती तरी कच्चे रस्ते खोदले. २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०२१ मध्ये राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना आणली. गावापर्यंत डांबर पोहोचले; शेताची पांदण अनेक ठिकाणी अजून काळ्या मातीचीच आहे.

१९/ लमाणांनी चाक टाळले, सुताराने ते मोठे केले, डनलॉपने रुंद केले, गॅरेजवाल्याने पाटे वाढवले. दोनशे वर्षे माणूस वाहनाला रस्त्याच्या लायकीचे करीत आला. पांदण खडी-मुरमाने पक्की झाली की तीच पिकअप, तेच पाटे, तीच उंची पुरते. आणि उलटण्याची भीतीही वाढत नाही. (समाप्त)