मालकाच्या गैरहजेरीत

सरकारी कचेरीत नियमपुस्तकांना शुद्धिपत्रके चिकटविण्याचे एक काम असते. काम रुक्ष खरे. पण एखादे शुद्धिपत्रक चिकटवायचे राहिले, तर रद्द झालेल्या नियमावर कारभार चालत राहतो. संगणकाच्या कार्यप्रणालीचे याहून बिकट आहे. दोषावरील दुरुस्ती जाहीर होताच तो दोषही जगाला कळतो आणि दुरुस्ती न चढलेल्या यंत्राचे दार कोठे उघडे आहे, हे चोरालाही ठाऊक होते. मग मालकाची वाट न पाहता यंत्राने दुरुस्ती आपण होऊनच चढवावी काय? ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, अशा मुक्त कार्यप्रणालींनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

डेबियनचा आरंभ इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केला. त्या काळी एक आज्ञावली बसवायची, तर तिला लागणाऱ्या आणखी चार मालकालाच हुडकून आणाव्या लागत. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये 'एपीटी' हे साधन आले आणि ही शोधाशोध यंत्राकडे गेली. पुढे डेबियनपासूनच निघालेल्या उबुंटूने २०१६ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या न विचारता चढविण्याचा प्रघात पाडला. तरी एक मर्यादा तिनेही पाळली : गाभ्याची दुरुस्ती चढली, तरी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचे काम मूळ मांडणीत मालकाकडेच असते. तोवर नवा गाभा तबकडीवर आणि जुना कामावर! बदलीचा हुकूम निघूनही खुर्ची न सोडणारे अधिकारी श्रोत्यांनी पाहिलेच असतील.

फेडोराची वृत्ती सावध. तिचे 'डीएनएफ-ऑटोमॅटिक' चालू केले, तर मूळ मांडणीत ते दुरुस्त्या उतरवून ठेवते, चढवीत मात्र नाही. फ्रीबीएसडीसाठी कॉलिन पर्सिव्हल यांनी रचलेले साधन तर मला विशेष सुसंस्कृत वाटते. संपूर्ण फाईल मागविण्याऐवजी जुन्यानव्यातील फरकच ते आणू शकते. रात्रीच्या फेरीला निघण्यापूर्वी तासाभराच्या आत वाटेल तितका वेळ थांबते, जेणेकरून हजारो यंत्रे एकाच क्षणी सर्व्हरच्या दाराशी गर्दी करणार नाहीत. आणि दुरुस्ती आणून झाली की मालकाला पत्र टाकून गप्प बसते. ओपनबीएसडीत तर २०१७ पर्यंत तयार दुरुस्त्याच मिळत नसत. संहितेला ठिगळ लावून ती पुन्हा बांधून घ्यावी लागे.

ही सावधगिरी म्हणजे निव्वळ आळस नव्हे, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. 'एक्सझेड' या दाबसाधनाच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे ५.६ मध्ये, कोणीतरी चोरदरवाजा लपविला होता. तो रीतसर नव्या आवृत्तीच्या वाटेनेच आला आणि डेबियनच्या अस्थिर व फेडोराच्या चाचणीच्या शाखांत पोचलाही. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्चला तो उघडकीस आणला. तत्परतेने नवे ते स्वीकारणारी यंत्रेच येथे आधी सापडली. डेबियनची स्थिर शाखा मात्र वाचली. तेथे आवृत्ती सहसा बदलत नाहीत. जुन्या आवृत्तीतलाच दोष तेवढा काढून देतात. त्या दिवशी तिच्यात एक्सझेडची ५.४ हीच आवृत्ती चालू होती.